हिरव्या खणांची संक्रांत

“दहा रुपयं टाका, गिरणीचं धनी व्हा,
धाकल्या लेकीचं बी, नाव मांडून ठिवा…”

मच्छिंद्रनानांचा तो आवाज चांगुणाच्या कानांत अजून तसाच होता. पत्र्याच्या भोंग्यातून निघालेला, थोडा घोगरा, थोडा हसरा, बैलांच्या घुंगरांबरोबर डुलत जाणारा. एक्कावन्न साल होतं ते. तिसगावात तेलाची गिरणी काढायची म्हणून नाना छकडा जुंपून गावोगाव हिंडायचे, आणि चौथी पास झालेली त्यांची तेरा वर्षांची लेक मागं पोत्यावर बसून, मांडीवर वही घेऊन नावं लिहायची. छकडा खड्ड्यात गेला की टाक उडायचा आणि एखाद्या पाटलाच्या नावाला शेपूट फुटायचं.

नानांचा एक हट्ट होता. घरचा कर्ता दहा शेअर घ्यायला तयार झाला की ते भोंगा खाली ठेवून विचारायचे, लेकी किती? मग त्या दहांतले दोन-तीन तिच्या नावावर. माणसं म्हणायची, नाना, ती तर परघरी जायची, तिच्या नावाला कशाला? नाना म्हणायचे, जायची म्हणूनच; गेल्यावर या गावात तिचं काय राहतं, एक कागद तरी राहू द्या. माणसं हसायची आणि नाव सांगायची. एका घरी तर बारसं व्हायचं होतं, तर नानांनी तिथंच पाळण्याशी बसून पोरीचं नाव ठरवून घेतलं आणि चांगुणानं ते शाई वाळायच्या आत दोनदा वाचून दाखवलं. पुढं रीतच पडली. तिसगावच्या पंचक्रोशीत लेकीला पाच भांड्यांबरोबर गिरणीचे शेअर आंदण मिळू लागले.

अशी दहा हजार शेअरांची कंपनी उभी राहिली. त्यांतले तीन हजारांच्या वर बायांच्या नावावर होते. बाया सासरी गेल्या, वहीतले पत्ते मात्र माहेरचेच राहिले. सभेची नोटीस माहेरी यायची, भाऊ ती खिशात घालायचे, सभेला जाऊन आपला हात वर करायचे आणि त्यातच बहिणीचाही हात आला असं समजायचे. वीस-बावीस वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाना गेले. गिरणीच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा रंगनाथ आला. तीन हजार शेअर बायांचे आहेत हे सारा गाव विसरून गेला. चांगुणा विसरली नव्हती, कारण ती नावं तिच्या हातची होती.

चौऱ्याहत्तरची संक्रांत आली ती करडईच्या फुलांवर बसून. दोन वर्षं आभाळानं पाठ फिरवली होती; गिरणीत आणायला दाणा नव्हता, पट्टा नुसता लोंबत होता. या वर्षी मात्र पाऊस मनासारखा झाला. करंजीचा घाट उतरला की तिसगावापर्यंत सारं रान पिवळं. एस्टीतली माणसं खिडकीतून बघत आणि परक्या माणसालासुद्धा कोपर मारून दाखवत.

चांगुणा आता छत्तीस वर्षांची होती. तिचे मालक भिंगारला मिलिटरीच्या स्टोअरात कामाला, बिऱ्हाड छावणीच्या चाळीत, दोन खोल्यांचं. संक्रांतीच्या सकाळी दारात रंगनाथ उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, कुणाचं तरी काही बरं-वाईट झालं. दिवाळीला तीच तिसगावी जायची. दादा आपण होऊन कधी आला नव्हता. पण त्याच्या खांद्यावर हुरड्याच्या कणसांची पिशवी होती, हातात तिळगुळाची पुडी, आणि पुडीखाली घडी घातलेला हिरवाकंच खण.

तिचं घर भरून गेलं. तिनं चुलीवर चहा टाकला, तो उतू गेला, परत टाकला. गल्लीतल्या दोघींना मुद्दाम हाक मारून सांगितलं, आमचा दादा आलाय. रंगनाथ मात्र पाटावर अवघडून बसला होता. बोलता बोलता त्यानं खिशातून एक छापील कागद काढला. गिरणीवर नगरच्या आबासाहेब आडतदारांचं दीड लाखाचं देणं झालंय, ते म्हणतात पैसे राहू द्या, त्याच्या बदल्यात शेअर द्या, सभेत तसा ठराव आहे, त्याला प्रत्येकाची सही लागते, त्यांचा वकील लई कटकट्या माणूस आहे, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

“माझं कमी व्हनार न्हाई ना काई?” तिनं विचारलं.

“तुझे वीस ते वीसच. एक बी हलत न्हाई.”

“वाचू का?”

“वाच की. न्हाईतरी इंग्रजी हाय.”

ती हसली आणि सही केली. खाली ‘चांगुणा’ लिहिताना जुन्या सवयीनं अक्षराला वळण आलं. ते बघून तिनं सहज विचारलं, गिरणीचं दप्तर आता कोण लिहितं? रंगनाथ म्हणाला, ठेवलाय एक कारकून, लिहितो कसंतरी. पुढचं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि नेहमीसारखं माघारी गेलं. दादा कागद घडी घालून निघाला. त्याला अजून चार गावं करायची होती.

दुपारी सारा आली. सारा भिंगारच्या मिशन शाळेत मास्तरीण. तीही तिसगावचीच लेक. तिच्या वडिलांनी, शांतवन मास्तरांनी, नानांच्या छकड्याला सगळ्यांत आधी हात केला होता. ती दारातूनच म्हणाली, “चांगुणा, आमच्या दीनाला काय झालंय गं?”

दीना तिचा धाकटा भाऊ, तिसगावातच असायचा.

“का? काय केलं?”

“आमच्या घरी संक्रांतीचा खण आलेला तू जन्मात पाहिलास? आई होती तेव्हासुद्धा नाही. आणि हा काल येऊन म्हणतो, बाई, तुला ओवाळणी.”

तिनं हातातली घडी उलगडली. हिरवाकंच खण, तांबडा काठ. चांगुणानं आपला खण आणून शेजारी ठेवला. हिरवा तोच, काठ तोच. एका खणाची कडा जिथं संपत होती तिथं दुसऱ्याची सुरू होत होती. एकाच ताग्यातून ओळीनं फाडलेले दोन तुकडे.  मग सारा हसायला लागली आणि चांगुणाचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं.

“सही दिलीस?” तिनं विचारलं.

“वाचून देते म्हटलं. तो म्हणाला, चांगुणाबाईंनी दिली की. खरं का?”

चांगुणानं हातातला तिळगूळ खाली ठेवला. काल म्हणजे, आपण सही करायच्या आधीच दादा आपलं नाव सांगत सुटला होता. आणि आता तर त्याच्या खिशात खरीच सही होती. तिच्या हातचं नाव बघून सगळ्या सह्या करणार होत्या.

सारानं चष्मा लावला आणि दीनाकडून ठेवून घेतलेली नोटीस वाचायला घेतली. वाचून मराठीत सांगत गेली, सावकाश, तिसरीच्या पोरांना सांगावं तसं. आबासाहेबांना दीड लाखाच्या बदल्यात पंधरा हजार नवे शेअर द्यायचे. जुने दहा हजार आहेत तसेच. चांगुणा म्हणाली, मग दादा खोटं बोलला नाही, माझे वीस ते वीसच. आणि असं म्हणता म्हणता ती उठून उभी राहिली, कारण तिला माहेरची विहीर दिसली. दहा घरांची सामाईक विहीर, दर घराला एक दिवस पाण्याची पाळी. आपली पाळी दहाव्या दिवशी यायची. उद्या कुणी बाहेरचा आला आणि त्यानं पंधरा पाळ्या घेतल्या, तर आपली एक पाळी काही कुणी काढून घेतली नाही. पण ती येणार पंचविसाव्या दिवशी. तोवर वांगी जळून गेलेली.

“आणि विहीर त्याची,” सारा म्हणाली.

“आन् आत्ताच का म्हन? दोन वर्षं दाना नव्हता तवा पैसं मागत हुता. आता करडई फुलली तर पैसं नको, गिरणी पाहिजे.”

सारानं कागदावर बोट ठेवलं. विशेष ठराव असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती चर्चमधल्या एका वकिलांना विचारून आली तीच धावत. सोसायटीसारखं नुसते जास्त हात इथं चालत नाहीत. विरोधात एक मत असलं तर बाजूनं तीन लागतात. विरोधानं चौथा हिस्सा ओलांडला की ठराव पडला. आणि कागदावर सही करून आपलं मत भावाच्या हाती दिलं असलं तरी बाई स्वतः येऊन बसली तर तिचंच मत धरतात, भावाच्या खिशातला कागद गळून पडतो. सभा रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, गिरणीच्या आवारात. मध्ये चौदा दिवस.

ते चौदा दिवस कसे गेले ते चांगुणालाच कळलं नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं. बाई कुणाच्याही उंबऱ्यावर जाऊ शकते आणि का आलीस म्हणून कुणी विचारत नाही. चांगुणानं पिशवीत वाण म्हणून ओंजळभर बोरं-हरभरे घेतले आणि एस्टी धरली. सारानं शाळेतून आल्यावर लांबच्या लेकींना कार्डं लिहायला घेतली. पत्ते चांगुणाच्या डोक्यात होते. अमकीची लेक अमक्या गावाला दिली, तिथून पुढं तिची नणंद ठाऊक. पहिल्याच गावात तिनं विचारलं, यंदा भावानं काय दिलं? बाईनं पेटीतून हिरवा खण काढला. शेजारीण बघायला आली, ती आपला घेऊन आली. तिसरीच्या घरी तर तिघी बहिणी-जावा, तिन्ही खण तसलेच. चांगुणा काही बोलायच्या आधीच ओसरीवर हशा पिकला. एका म्हातारीनं बसल्या बसल्या ओवी जुळवली, आणि ती चांगुणाच्या आधी पुढच्या गावाला पोचली:

“संक्रांतीचा भाऊ माझा, खण घेऊन गं आला,
तिळगुळाच्या पुडीखाली, कागुद गं झाकला…”

विहिरीची पाळी सांगितली की बायांना दुसरं काही सांगावं लागत नव्हतं. पाण्याच्या पाळीवरून त्यांनी भांडणं केली होती, पहाटे उठून वाफ्यांना पाणी देत दारं धरली होती. पंधरा पाळ्यांचा धनी म्हटलं की त्यांच्या भुवया एक व्हायच्या. कुणी सही देऊन बसली होती, कुणी अंगठा. येताना गाडीभाडं कोण देणार, धनी सोडतील का, पोर कुणाकडं ठेवायचं, असं बोलणं व्हायचं. पण त्यात एक धडधड होती, जत्रेला जायचं ठरल्यावर असते तशी. कित्येकींनी वीस वर्षांत आपला कागद बघितलाही नव्हता. त्या फडताळं उपसून, देवाच्या फोटोमागून, लुगड्यांच्या घड्यांमधून ते पिवळे पडलेले कागद काढत आणि चांगुणाला विचारत, यात माझं नाव कुठलं? ती बोट ठेवून दाखवी. बाई त्या जागेवरून हात फिरवून बघी.

सगळीकडे असं झालं नाही. करंजीला बनुबाईनं तिला पिठलं-भाकरी वाढली, सारं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, “चांगू, माझा भाऊ वर्षाला दोनदा येतो. मी त्याच्या इरुद्ध हात वर केला तर तो यायचा न्हाई. गिरणी गेली तरी माझं चालंल.”

 चांगुणानं बनुबाईला कुंकू लावलं आणि निघाली. एस्टीत बसल्यावर तिला आपला दादा पाटावर अवघडून बसलेला दिसत राहिला.

सहा दिवस राहिले असताना रंगनाथ परत आला, या वेळी हातात काही नव्हतं. तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, की गिरणीला चाळीस माणसं आहेत, आबासाहेबानं उद्या दाव्याची नोटीस लावली तर गिरणीला टाळं लागेल, मग त्या चाळीस घरांत तू हळदीकुंकवाला जा. नानांची गिरणी मी बुडवली असं लोक म्हणतील, तुला बरं वाटेल का? बोलताना त्याचा आवाज चढला आणि चाळीतले लोक दारं लोटून ऐकू लागले.

चांगुणानं त्याला पाणी दिलं. “दादा, महिन्याभरात करडई निघंल. गिरणी दिस-रात चालंल. आबासाहेबाकडं दोन हंगामाची मुदत का न्हाई मागायची?”

“तो देनार न्हाई.”

“इचारलंस?”

रंगनाथानं तांब्या खाली ठेवला.  दारातून जाताना म्हणाला, “सही तू दिलीस. आपल्या हातानं.”

“व्हय,” ती म्हणाली. “म्हनून तर येनार हाय.”

सभेच्या दिवशी तिसगावच्या गिरणीपुढं सकाळपासून माणूस जमत होता. पुरुष निवांत होते. सोसायटीच्या, साखर कारखान्याच्या निवडणुका लढवून मुरलेली माणसं ती. त्यांनी डोकी मोजून ठेवली होती. बाया फार तर शे-दोनशे येतील, आपण पाचशे, शिवाय खिशात सह्यांचे गठ्ठे. जास्त हात आपले, विषय संपला. कुणी तर म्हणालं, येऊ द्या बायांना, तेवढाच माहेरचा दिवस. आणखी माणसं गोळा करायला कुणी फिरलंच नाही. पाथर्डीला लग्न होतं, निम्मे लोक तिकडं जेवायला गेले.

दहाची एस्टी आली. दार उघडलं आणि बाया उतरायला लागल्या. उतरतच राहिल्या. पाठोपाठ एक टेम्पो, मग बैलगाड्या, मग रानातल्या वाटांनी पायी. आणि जशा त्या जवळ येत गेल्या तसा आवारात एक आवाज उठला, आधी कुजबूज आणि मग खदखदून हसणं. निम्म्या बायांनी तो हिरवा खण शिवून अंगात घातला होता. तांबड्या काठाच्या हिरव्यागार चोळ्या, वेगवेगळी लुगडी, वेगवेगळी गावं, चोळी एक. खुर्चीवर बसलेले आबासाहेब आडतदार, पांढऱ्या कोटातले साठीचे शांत गृहस्थ, ते बघून आपणच हसले आणि वकिलाला म्हणाले, कापड बरं निघालं हो.

अकोले तालुक्यातून भागूबाई आली होती. तिकडं डोंगरात दिलेली, दोन गाड्या बदलून, रात्री नगरच्या स्टँडवर पथारी टाकून, काखेत पायलीभर तांदळाचं गाठोडं. रंगनाथाची बायको दगडाबाई तिला घरात न्यायला लागली तर ती म्हणाली, आधी मत, मग भात. खुद्द दगडाबाईच्या नावावरही पाच शेअर होते, तिच्या माहेराहून आलेले. ती नवऱ्याकडं न बघता पदर खोचून नणंदेशेजारी येऊन बसली.

“वहिनी,” चांगुणा हळूच म्हणाली, “घरी काय सांगशील?”

“घरी का? हितंच बसलेत की समोर, दिसल त्येंला.”

बनुबाई आली. भावाबरोबर आली आणि भावाशेजारीच, पुरुषांच्या रांगेच्या कडेला बसली. चांगुणानं लांबून तिला तिळगूळ पाठवला. तिनं तो पदरात बांधून ठेवला.

सारा टेबलाजवळ यादी घेऊन बसली. एकेक बाई येऊन नाव सांगायची, सारा यादीत खूण करायची, आणि वकील आपल्या गठ्ठ्यातून त्या नावाची सही काढून बाजूला टाकायचा. आधी तो तोऱ्यात टाकत होता. शंभर झाल्यावर त्यानं घाम पुसला. चांगुणाचा कागद निघाला तेव्हा त्यानं तो जरा उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा.

“ही सही आपलीच ना, बाई?”

“माझीच. पयली माझीच,” चांगुणा सगळ्यांकडं वळून म्हणाली. “न वाचता केली. आज वाचून आले.”

कागद बाजूला पडला. मागून कुणीतरी ओवी सुरू केली आणि तिला गप्प करायला दुसरीनं कोपर मारलं.

रंगनाथानं ठराव वाचला. त्याचा आवाज नानांसारखाच घोगरा होता, हसरा नव्हता. बाजूनं हात वर करा म्हटल्यावर पुरुषांचे हात वर गेले. विरोधात म्हटल्यावर बांगड्यांचा एकच खणखणाट झाला. भागूबाईनं दोन्ही हात वर केले, तिला सारानं एक खाली घ्यायला लावला. वकील उठून म्हणाला, हात नको, शेअरांप्रमाणं चिठ्ठ्या मोजा. दुपार झाली. चिठ्ठ्या दोन घमेल्यांत पडत होत्या, पेंड भरायच्या घमेल्यांत, आणि चिठ्ठी टाकून परतणारी बाई बोटाचं तेल पदराला पुसत होती. काही पुरुषांनीही विरोधाच्या घमेल्यात चिठ्ठी टाकली, इकडंतिकडं बघून, पटकन. दीनानं तर वाकून टाकली, जणू काही खाली पडलेलं उचलतोय. साराला ते दिसलं. तिनं यादीतून मान वर केली नाही.

मोजणी सुरू झाली. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला सारा, मध्ये कारकून. बाया जेवायच्या विसरल्या.  चार वाजता वकिलानं आकडे वाचले. ठरावाच्या बाजूनं पाच हजार आठशे सत्तर. विरोधात दोन हजार तीनशे पंधरा.

पुरुषांत टोप्या उडाल्या. कुणी पेढ्यांचा पुडा फोडला, कुणी आबासाहेबांच्या गळ्यात हार घातला, वाजंत्र्याला आणायला माणूस पळाला.  बायांच्या रांगेत दोन-चारजणी डोळ्यांना पदर लावू लागल्या. वकील खाली बघत होता. सारा उभी राहिली.

“पुढचं वाचा ना, वकीलसाहेब,” ती म्हणाली. “की मी वाचू?”

वकिलानं घसा साफ केला. विरोधातल्या एका मतामागं बाजूची तीन मतं लागतात, म्हणजे सहा हजार नऊशे पंचेचाळीस हवी होती. तेवढी पडलेली नाहीत. ठराव नामंजूर.

पेढा तोंडात धरलेले लोक तसेच राहिले. जास्त मतं आपली आणि हरलो आपण, हा कुठला कायदा, असं कुणीतरी ओरडलं; दुसरा त्याला म्हणाला, पाथर्डीच्या लग्नातली मंडळी आणली असती तर? मग बायांच्या बाजूनं जे उठलं ते हसणं होतं की रडणं ते सांगता आलं नसतं. भागूबाईनं चांगुणाला उचलूनच धरलं. दगडाबाईनं पुरुषांच्या हातातला पेढ्यांचा पुडा काढून घेतला आणि बायांमध्ये वाटायला सुरुवात केली, तोंडानं म्हणत, फोडलाय तर वाया का घालवायचा. ती अडवलेली ओवी आता मोकळी सुटली आणि तिला नवं कडवं फुटलं, त्यात वकील आला, घमेलं आलं, अकोल्याचा तांदूळ आला.

आबासाहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. ते रागावलेले दिसत नव्हते; बाजारात सौदा फिसकटल्यावर माणूस दुसऱ्या सौद्याकडं वळतो तसे ते रंगनाथाकडं वळले. करडई मलाही दिसते, ते म्हणाले. दावा लावून मी गंजलेलं लोखंड घेणार नाही. दोन हंगामांची मुदत मागा, देतो. पण दरमहा हिशेबाचा कागद मला नगरला पाहिजे, आणि तो लिहिणारा माणूस कोण ते आज, आत्ता सांगा. गेल्या दोन वर्षांचं तुमचं दप्तर मी बघितलंय, रंगनाथराव. त्याच्यावर मी दोन दिवसांचीसुद्धा मुदत देणार नाही.

आवारातला गलबला उतरत गेला. रंगनाथाच्या कानशिलांवर रक्त चढलं. तो खुर्चीवरून उठला.

“मग बसवा दुसऱ्या कुनाला बी. मी आजपासून त्या टेबलाला हात लावनार न्हाई.”

पुरुषांनी एकमेकांकडं बघितलं. कारकून मागच्या मागं सरकला.  इतका वेळ ज्यानं बायांचा जीव टांगणीला लावला होता तो ठराव पडला होता, आणि आता गिरणी त्यांच्या हातात होती, नुसती, मोकळी.  रंगनाथ आवाराच्या फाटकाकडं निघाला. उन्हात त्याची पाठ चांगुणाला नानांच्या पाठीसारखी दिसली, फक्त वाकलेली.

“दादा, थांब.”

तो थांबला, वळला नाही. चांगुणा त्याच्या मागं गेली नाही. टेबलाजवळच उभी राहिली, कारकुनाच्या वहीच्या शेजारी, सगळ्यांच्या समोर. तिचा आवाज सरळ निघाला.

“माझ्या लग्नाच्या आदल्या साली नानांनी मला आत बोलावलं हुतं. म्हनले, चांगू, दप्तर तू बघ, लग्नाचं आपन मागनं बघू. तू दाराभाईर उभा हुतास. तुझी सावली पडली हुती उंबऱ्यावर. मला ठावं हुतं, तुला ती खुर्ची लई हवी हाय. म्हनून मी म्हनले, मला न्हाई जमायचं.”

रंगनाथ हळूहळू वळला.

“जमत हुतं, दादा,” चांगुणा म्हणाली. “मला पाहिजे हुतं. अजून बी पाहिजे.”